अष्टमकर : एका आडनावाचा प्रवास

निर्वासित आणि स्थलांतरित हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने योजिले जातात. आम्हांस त्यांतील भेद एका आडनावामुळे उमगला. रोह्यालगत कुंडलिकेच्या काठी वसलेल्या अष्टमीचे नाव बेने इस्राएल समाजातील ‘अष्टमकर’ या आडनावात टिकून आहे.

छळाला कंटाळून निघालेले त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचले, अशी परंपरा सांगते. ती ग्राह्य धरल्यास ते निर्वासित ठरतात. मात्र तिला समकालीन लेखी पुरावा नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणाने ‘शनवार तेली’ म्हटले आणि सामावून घेतले. पुढे अनेकजण रोजगारासाठी मुंबईस गेले. तेथे १७९६ साली त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. हे देशांतर्गत स्थलांतर होय.

१९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांपायी छळ होण्याच्या साधार भीतीने देशाबाहेर पडलेला तो निर्वासित. (भारताने या करारावर सही केलेली नाही.) १९४८ नंतर इस्राएलला गेलेले बेने इस्राएल या व्याख्येत बसत नाहीत, येथून त्यांना कोणी हाकलले नव्हते. तेथे १९५० च्या कायद्याने प्रवेशाचा हक्क होता, तरी विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी होऊ लागली. आंदोलनानंतर, १९६४ साली, तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. परक्या भूमीत मान आणि स्वगृही संशय, या अवस्थेला करारात शब्द नाही. याच लोकांनी तेथे मराठीत ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक चालविले.