भिंत राहिली, चौकट जळाली
अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा प्रवास आणि अंत

जालन्याहून राजूर, भोकरदन करत अजिंठ्याकडे निघाले की वाटेला एक फाटा असईकडे जातो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणेच्या काठी वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि जखमी शिपायांना अजिंठा गावात हलवले. त्यानंतर या मुलखात मद्रास फौजेचा वावर वाढला आणि जालन्याला छावणी पडली. अजिंठ्याच्या चित्रांची आधुनिक कथा याच फौजेपासून सुरू होते. दहाव्या लेण्यातल्या खांबावर ज्याने आपले नाव कोरून ठेवले तो जॉन स्मिथ मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातला होता. त्याने कोरलेली तारीख २८ एप्रिल १८१९ आहे. पंचवीस वर्षांनी लेण्यांतली चित्रे उतरवून घेण्यासाठी ज्याला नेमले तो रॉबर्ट गिलही मद्रास फौजेतलाच.

गिल म्हटला की मराठी वाचकाला पारो आठवते. ना. धों. महानोरांचे दीर्घकाव्य आणि पुढे २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट, यांनी ही जोडी घरोघर पोचवली. अजिंठा गावातल्या पारोच्या कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे आणि लोक अजूनही ती पाहायला थांबतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण या प्रेमकथेच्या सावलीत गिलची दुसरी शोकांतिका पार झाकली गेली. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे खर्चून जी चित्रे केली त्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही. ती बांधून पाठवली गेली, दूरच्या एका इमारतीत टांगली गेली आणि जळाली. त्यांच्यानंतर आलेल्या दुसऱ्या संचाचीही तीच गत झाली, आणि तिसऱ्याचीही. या लेखाचा विषय तोच आहे. चित्र काढून झाल्यावर ते हलवणे, टांगणे आणि राखणे हे काम चित्र काढण्याइतकेच अवघड असते, आणि अजिंठ्याच्या बाबतीत नेमके तेच काम कुणाचेच नव्हते.

मुळात प्रतिकृतींची गरज का पडली? भिंतीवरचे चित्र हलत नाही म्हणून. अजिंठ्याची चित्रे माती, भुसा, गवताचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, वर सुक्या भिंतीवर रंगवलेली. गिलावा खडकाला धरून असेल तोवरच चित्र आहे. तरीही काहींनी ती हलवून पाहिलीच. डॉ. जेम्स बर्ड या विद्वान गृहस्थाने काही आकृत्या भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न केला आणि हाती भुगा आला. म्हणून मग दुसरा मार्ग ठरला. मूळ जागेवर राहू द्यायचे आणि कॅनव्हासवर उतरवून घेतलेली नक्कल जगभर न्यायची. जेम्स फर्ग्युसनने १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरचा निबंध वाचला, चित्रे नष्ट होण्याआधी उतरवून घ्या असा आग्रह धरला, आणि १८४४ साली कंपनी सरकारने गिलची नेमणूक केली.

गिलने तैलरंगात सुमारे तीस मोठी चित्रे केली. अंधार, वटवाघळे, मधमाश्या, ताप यांची वर्णने आपण वाचलेली असतात. मला रस आहे तो त्यानंतरच्या दिवसात, म्हणजे चित्र पुरे झाले आणि आता ते इथून हलवायचे, त्या दिवसात. माणसाहून उंच कॅनव्हास चौकटीवर ताणलेला आहे. तसाच तो बैलगाडीत मावत नाही, घाटातून उतरत नाही. म्हणजे चौकटीचे खिळे काढायचे, कॅनव्हास सोडवायचा आणि गुंडाळायचा.

इथे जाणकार आणि अजाण यांतला फरक कळतो. सतरंजी आपण नक्षी आत ठेवून गुंडाळतो, कारण तिला धूळ लागू नये. चित्राचे उलटे. रंगाची बाजू बाहेर ठेवून, आणि जितक्या जाड नळकांड्यावर जमेल तितक्या जाड नळकांड्यावर ते गुंडाळायचे. बाहेरच्या बाजूला रंगाचा थर ताणला जातो, बारीक चिरा पडल्या तरी कॅनव्हास पुन्हा सपाट केल्यावर त्या मिटतात. रंग आत ठेवला की थर दाबला जातो, त्याला सुरकुत्या पडतात आणि त्या जागी पापुद्रे सुटतात. शिवाय तैलरंग वरून वाळलेला दिसला तरी आतून घट्ट व्हायला महिनोन् महिने लागतात. घाईने गुंडाळलेले चित्र स्वतःच्याच पाठीला चिकटते. मध्ये मऊ कागद हवा, वर मेणकापड हवे, आणि समुद्रप्रवासासाठी आतून पत्रा मारलेली, झाळून बंद केलेली पेटी हवी. गिलने काम सुरू केले तेव्हा मुंबईलाही आगगाडी नव्हती, ती आली १८५३ साली. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. म्हणजे अजिंठ्यातून निघालेल्या पेटीपुढे आधी बैलगाडीची वाट होती आणि मग समुद्रावरचे कित्येक महिने.

आश्चर्य असे की चित्रे हा प्रवास सोसून लंडनला पोचली. खराब वाटा, पावसाळे, जहाजाची तळघरे, या कशानेही त्यांचा घात केला नाही. घात झाला तो पोचल्यावर, नव्या चौकटीत बसवून, सुरेख जागी टांगल्यावर.

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेस उभा होता. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कात बांधलेली काचेची इमारत उचलून तिथे वाढवून मांडली होती. कंपनीच्या संग्रहातली गिलची चित्रे तिथल्या भारतीय दालनात लागली. जागा निवडणाऱ्याने बहुधा असा विचार केला असेल की भरपूर उजेड आहे, हजारो लोक येतात, आणि लोखंड-काचेला आग कशी लागणार? पण लोखंड जळत नसले तरी आतल्या लाकडी फळ्या, पडदे, चौकटी, वार्निश लावलेले कॅनव्हास हे सगळे जळतेच. उत्तरेकडच्या भागात उष्ण प्रदेशातली झाडे जगवण्यासाठी ऊब राखलेली असे. ३० डिसेंबर १८६६, रविवार. त्या दिवशी लागलेल्या आगीत उत्तरेकडचा भाग गेला आणि त्यासोबत गिलची भिंतीवर असलेली सगळी चित्रे गेली. जी चार-पाच वाचली ती त्या वेळी तिथे टांगलेली नव्हती म्हणून.

वीस वर्षांच्या कामाची दुसरी प्रत नव्हती. १८५६ साली श्रीमती स्पीयर यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात गिलच्या चित्रांवरून केलेले काही लहान ठसे छापले होते, जळालेल्या कामाची आठवण उरली ती मुख्यतः तेवढीच. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा, अजिंठ्याच्याच परिसरात होता. १८७९ साली तो वारला, भुसावळला त्याचे थडगे आहे.

या अनुभवावरून सरकारने धडा घेतला का? घेतला, पण अर्धा. चित्रे पुन्हा काढायला हवीत एवढे कळले, ती वेगळ्या रीतीने ठेवायला हवीत हे कळले नाही. १८७२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. १८८५ पर्यंत, मधले खंड सोडून, हिवाळ्यामागून हिवाळे हे काम चालले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नाव कमावलेले चित्रकार या तुकडीत होते. सुमारे तीनशे चित्रे झाली. आता खाली खानदेशात आगगाडी आली होती, सुएझ खुला होता, प्रवास आठवड्यांवर आला होता. चित्रे लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे रवाना होत राहिली. आणि जून १८८५ मध्ये तिथल्या भारतीय विभागाला आग लागली. ग्रिफिथ्सच्या चित्रांचा मोठा हिस्सा जळाला किंवा होरपळला.

ग्रिफिथ्सच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याने उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापून घेतला, त्यामुळे काम निदान कागदावर टिकले. त्याच्या विरुद्ध बाजूचीही सांगायला हवी. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर त्याने वार्निश फिरवले. ते कालांतराने पिवळे-तपकिरी पडले आणि पुढच्या पिढ्यांना खरवडून काढावे लागले. म्हणजे नकलेसाठी मूळ दुखावले आणि नक्कल जळून गेली. वाचलेले दीडशेहून अधिक कॅनव्हास व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तेही दीर्घकाळ विस्मरणात होते. दिविया पटेल यांनी २००७ च्या लेखात त्यांच्या पुनर्शोधाची हकिकत मांडली आहे.

तिसरा घाव जपानमध्ये बसला. १९१७-१८ च्या सुमारास अराई कांपो आणि सहकाऱ्यांनी जपानी पद्धतीने, कागदावर, अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर शहर पेटले आणि त्या गेल्या.

दोन देशांतल्या तीन जागांपैकी एकही निष्काळजी माणसांची नव्हती. तरीही तिन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. सगळे काम एका छपराखाली, बहुधा एका भिंतीवर. लेडी हेरिंगहॅमने १९०९ ते १९११ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, सय्यद अहमद यांच्यासह केलेल्या प्रतिकृती १९११ साली पुन्हा क्रिस्टल पॅलेसमध्येच मांडल्या गेल्या, हे वाचताना हात कपाळाला जातो. तो पॅलेस अखेर १९३६ साली पुरता जळाला.

निझामाने मात्र दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, जालनाही. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला, त्याआधी औरंगाबादचाच भाग. १९१४ साली संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख. त्यांनी आधी मूळ भिंतींकडे पाहिले. १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावून सुटलेला गिलावा पुन्हा खडकाला धरवला. दुसरे म्हणजे सय्यद अहमद यांच्याकडून केलेल्या प्रतिकृती संस्थानातच, हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या अजिंठा दालनात लावल्या. परदेशी धाडल्या नाहीत. यझदानींनी १९३० पासून चार भागांत रंगीत छायाचित्रांसह ग्रंथही काढला, म्हणजे एकाच वेळी भिंत, नक्कल आणि छापील प्रत अशा तीन ठिकाणी चित्र राहिले.

हा इतिहास संग्रहालयांपुरता आहे असे समजायचे कारण नाही. आपल्याकडे तसबिरी टांगण्याची रीत जुनी आहे. मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरात भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून बांधतानाच लाकडी खुंट्या भिंतीत घेत. तसबीर वरून दोरीने अडकवायची आणि खालची कड भिंतीला टेकवायची, म्हणजे ती पुढे झुकते, काचेवर उजेड चमकत नाही, धूळ कमी बसते. मागे जी पोकळी राहते ती चिमण्यांना फार आवडे. आजोबांच्या तसबिरीमागून काड्या लोंबताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. चिमणी सोडली तर ही रीत चांगली आहे, कारण पाठीला हवा लागते. आता सिमेंटच्या भिंतीवर आपण चौकट चपटी ठोकतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि पाठचा पुठ्ठा बुरशीने काळा पडतो. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तरी काम भागते. जड चौकट एका खिळ्यावर नको, दोन हव्यात. तार चौकटीच्या उभ्या बाजूंना वरून तिसऱ्या भागावर कड्यांत ओवलेली हवी, वरच्या पट्टीला नव्हे, कारण सांधा तिथेच सुटतो. आणि देवघराच्या समईवर, इन्व्हर्टरच्या वर, किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर जुने चित्र कधीच नको.

बदली झाली, घर सोडले, शाळेची इमारत पाडली, की तसबिरी निघतात. टेम्पोत त्या सामानावर आडव्या टाकतात आणि सगळा भार काचेवर येतो. उभ्या ठेवाव्यात, काचेला काच आणि पाठीला पाठ लावून, मध्ये पुठ्ठा. काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारावी. काच फुटणे त्याने थांबत नाही, पण तुकडे सुटून चित्र कापत नाहीत. ॲक्रिलिक असेल तर चिकटपट्टी नको, तिचा डाग राहतो. पेटीवर वरची बाजू कोणती ते लिहावे, मराठीत.

जालना, अंबड, भोकरदनच्या जुन्या वाड्यांत, ग्रंथालयांत, शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोल्यांत अजून अशा शे-पन्नास वर्षांच्या तसबिरी लोंबत आहेत: रविवर्म्याच्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती, गावच्या संस्थापकांची हाताने रंगवलेली छायाचित्रे, स्थानिक चित्रकारांची तैलचित्रे. चित्रकाराचे नाव बहुधा कुठेच नसते. ती उतरवून, पाठीवर मऊ पेन्सिलीने कोण, कधी, कुणी काढले हे लिहून, समोरून आणि मागून एकेक छायाचित्र घेऊन, ते छायाचित्र दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवायला एक दुपार पुरते.