क्लाऊड कन्सोल उघडत नाही? अडलंय कुठे ते आधी ओळखा

कॉलेजचा प्रोजेक्ट असो वा एखाद्या दुकानाची वेबसाइट, आता बरेच जण एडब्ल्यूएस, अझ्युअर किंवा गूगल क्लाऊडवर सर्व्हर चालवतात. तो सुरू-बंद करणं, बिल बघणं, बॅकअप घेणं ही कामं ब्राउझरमधल्या ज्या पानावरून होतात, त्याला कन्सोल किंवा पोर्टल म्हणतात. वरवंडमध्ये बसून मोबाइलवरूनही हे सगळं जमतं. पण हे पानच उघडलं नाही तर? सर्व्हर आत चालूच असतो आणि बिलाचं मीटरही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: कन्सोल बंद म्हणजे सर्व्हर बंद, असं नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात अझ्युअरची तीन रीजन सुरू केली. त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ आपल्या पुण्यातच आहे. वरवंडहून सोलापूर रोडने निघालं की थेट पुणं, म्हणजे सर्व्हर तसा घराजवळच. पण २९ ऑक्टोबर २०२५ ला अझ्युअरच्या ‘फ्रंट डोअर’ या यंत्रणेत चुकीची सेटिंग गेली आणि जगभर अनेकांना पोर्टल उघडेना. दुकानात माल आहे, आत दिवाही चालू आहे, फक्त शटर अडकलंय, असा हा प्रकार. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की पोर्टल उघडत नसेल तर पॉवरशेल किंवा कमांड लाइनने काम करून बघा. म्हणून कमांड लाइन आधीच सेट करून ठेवलेली बरी. ऐन वेळी ती सेट करायला बसलात तर तिथेही लॉगिनच लागतं.

पान उघडतच नाही

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, किंवा उलट करा. व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सेटिंग असते. जाहिराती बंद करायला तिथे कोणी काहीतरी टाकून ठेवलं असेल, तर ते ‘ऑटोमॅटिक’ करा. मग इनकॉग्निटो विंडोत उघडा. तिथे चाललं तर दोष जुन्या कुकीजचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा आहे. पांढरं पान अर्धवट अडकून राहत असेल तर बहुतेक रेंजचा प्रश्न असतो. ही पानं फार जड असतात. मोबाइलवर एडब्ल्यूएस आणि अझ्युअरची अधिकृत अ‍ॅप आहेत, साध्या कामाला ती बरी पडतात.

यातलं काहीच चाललं नाही तर त्या कंपनीचं स्टेटस पान बघा. पण तिथे सगळं हिरवं दिसलं म्हणून लगेच फोन रीसेट करायला घेऊ नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला एडब्ल्यूएसची एस-३ सेवा कोलमडली, तेव्हा त्यांचं स्टेटस पानच एस-३ वर अवलंबून होतं, त्यामुळे त्यावरची माहिती बराच वेळ बदलता आली नाही.

लॉगिन होत नाही

एडब्ल्यूएसमध्ये रूट युझर वेगळा आणि आयएएम युझर वेगळा. रूटला ईमेल लागतो, आयएएमला १२ अंकी अकाउंट नंबर आणि युझरनेम. चुकीच्या दारावर योग्य पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी उपयोग नाही.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड चुकीचा सांगतंय? तो कोड फोनच्या घड्याळावरून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. फोनची वेळ हाताने सेट केली असेल आणि ती मागेपुढे झाली असेल, तर कोड जुळणार नाही. वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

खरी गंमत (म्हणजे खरं तर रडू) फोन हरवल्यावर होते. ऑथेंटिकेटर त्याच फोनमध्ये आणि सिमही त्याच फोनमध्ये! एडब्ल्यूएसच्या रूट अकाउंटला एमएफए नसताना परत आत यायला नोंदवलेला ईमेल आणि फोन नंबर दोन्ही लागतात. नंबर बंद पडला असेल तर प्रकरण अवघड होतं, कारण बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. जुनं सिम सोडणार असाल तर आधी अकाउंटमधला नंबर बदला. एका युझरला आठपर्यंत एमएफए जोडता येतात, म्हणून दुसरं एक घरातल्या जुन्या फोनवर जोडून ठेवा.

अजिबात आत जाता येत नसेल आणि बिल वाढत असेल, तर लॉगिन न करता भरायचा मदतीचा फॉर्म एडब्ल्यूएसच्या साइटवर आहे. तोच वापरा. सर्चमध्ये दिसणाऱ्या ‘हेल्पलाइन’ नंबरवर फोन करू नका. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागणारा माणूस सपोर्टवाला नसतो. लॉगिनचं पानही सर्चमधल्या जाहिरातीवरून उघडू नका, बुकमार्क करून ठेवा.

आत गेलो, पण सर्व्हर गायब

घाबरू नका, तो बहुतेक तिथेच असतो. एडब्ल्यूएसमध्ये वरच्या पट्टीत रीजन बघा. सर्व्हर मुंबईत आणि निवड नॉर्थ व्हर्जिनियाची असेल तर यादी रिकामीच दिसणार. अझ्युअरमध्ये असं झालं तर डिरेक्टरी बदलून बघा. कॉलेजचा ईमेल आणि स्वतःचा ईमेल वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. विद्यार्थ्यांसाठीच्या अझ्युअर खात्याचं १०० डॉलरचं क्रेडिट संपलं की सबस्क्रिप्शन डिसेबल होतं, तेही तपासा.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं तर मात्र नेट किंवा फोन बदलून सहसा काही होत नाही. लॉगिन झालंय, परवानगी नाही. अपवाद एकच: काही ऑफिसं ठरावीक आयपीवरूनच कामाची परवानगी देतात आणि मोबाइल डेटाचा आयपी बदलत राहतो. अ‍ॅडमिनला नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नका. पूर्ण एरर मेसेज पाठवा. कोणती परवानगी कमी पडली, हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. स्क्रीनशॉट पाठवताना अकाउंट नंबर झाका आणि अ‍ॅक्सेस की तर कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.