9 मे 1916 चा सेमिनार आणि आपली आरआरसी

पुंडलिकनगरातल्या एका खोलीत आम्ही चारपाच जण अधूनमधून जमतो. कुणाची तरी आरआरसी जवळ आलेली असते. समितीपुढे दहा मिनिटांत संशोधन आराखडा मांडायचा, म्हणून आधी एकमेकांपुढे मांडून बघायचा. मागच्या वेळी एका ताईने विचारले, "जातीवर विषय घेतला की तुमचा पूर्वग्रह येणारच, असे ऐकवतात. विषयच बदलू का?"

आम्ही तिला 1916 सालात नेले.

9 मे 1916. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. निबंध वाचणारे बाबासाहेब तेव्हा 25 वर्षांचे, आणि मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. विषय : भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. सुरुवातीलाच त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तपासायला घेतल्या. रिस्ले म्हणजे ब्रिटिश जनगणनेचे आयुक्त राहिलेले अधिकारी. केतकर म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार, अमेरिकेतूनच डॉक्टरेट घेऊन आलेले. केतकरांचे मोल बाबासाहेबांनी मोकळेपणाने मान्य केले. जात एकटी अभ्यासता येत नाही, ती व्यवस्थेचा भाग म्हणूनच कळते, हे त्यांचे म्हणणे उचलले. पण त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून दिले.

मग स्वतःची मांडणी. कुळाबाहेर लग्न करण्याची जुनी चाल होती, तिच्यावर गटातच लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि जात तयार झाली. हे बंधन टिकवायचे तर गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जादा' ठरते. तिचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषासाठी लहान मुलगी. जात बाईच्या देहावर उभी आहे, हे एका विद्यार्थ्याने 1916 मध्ये तर्काने सिद्ध केले. आपल्याकडच्या स्त्री-अभ्यासाला हा निबंध नीट वाचायला फार उशीर झाला, पण तो वेगळा लेख होईल.

या निबंधात बाबासाहेबांनी स्वतः भोगलेल्या अपमानाचा एकही प्रसंग नाही. ते प्रसंग कितीतरी वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आले. आमच्या मते प्रश्न अनुभवाने दिला आणि उत्तर पद्धतीने शोधले. पूर्वग्रहाच्या आरोपाला यापेक्षा चोख उत्तर आम्हाला माहीत नाही. शेवटी ते म्हणाले की मांडणी टिकणारी नाही असे दाखवले, तर ती सोडायची तयारी आहे. पुढच्याच वर्षी, मे 1917 मध्ये, 'इंडियन अँटिक्वेरी'ने निबंध छापला.

आता दुसरी बाजू, कारण आपल्यातले काही जण प्रत्येक सूचनेला अन्याय समजतात. लंडनला रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. 1923 मध्ये त्याचे पुस्तक निघाले, तेव्हा प्रस्तावना प्राध्यापक कॅनन यांनी लिहिली आणि त्यातच आपले मतभेदही नोंदवले. शिक्षक विद्यार्थ्याशी असहमत राहूनही त्याच्या पाठीशी उभा राहतो, तो असा. 'विषय बदला' एवढे दोन शब्द म्हणजे अभिप्राय नव्हे. कोणती व्याख्या कच्ची, कोणता पुरावा अपुरा, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि ते लेखी मागावे.

ताईने विषय ठेवला. पद्धतीचे प्रकरण मात्र आम्ही त्या रात्री तिच्याकडून दोनदा लिहून घेतले.