हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथशिवाय काय पाहायचं? देवळापासून पलटणीपर्यंतची गोष्ट

हिंगोली म्हटलं की बहुतेकांना एकच नाव आठवतं, औंढा नागनाथ. गाडी करून यायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं आणि पुढे परळी किंवा नांदेड गाठायचं, असा नेहमीचा शिरस्ता असतो. त्यामुळे जिल्ह्यात तास-दोन तास थांबून लोक परततात. पण ज्या देवळाचं दर्शन घेतलं त्याच्या भिंती, त्या देवळाशी जोडलेल्या संताचं गाव आणि एकेकाळी फौजेची छावणी असलेलं हिंगोली शहर हे सगळं बघायचं राहून जातं.

जिल्हा नवा, इतिहास जुना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके त्यात आहेत. उत्तरेला पैनगंगा आणि पलीकडे विदर्भ, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू, अशी ही भूमी आहे.

मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे इथेही यादवांनंतर दिल्लीचे सुलतान, बहमनी, मोगल आणि निजाम यांची सत्ता आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात वापटी गावचे बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.

औंढा नागनाथ: एकाच देवळात दोन काळ

बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश हे दारुकावनात असल्याचं मानलं जातं. हे दारुकावन नेमकं कोणतं, यावर मात्र एकमत नाही. गुजरातमधलं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडमधलं जागेश्वर हेही तोच मान सांगतात. महाराष्ट्रात हा मान औंढ्याला दिला जातो. पांडवांच्या वनवासात धर्मराजाने हे देऊळ बांधलं, अशी स्थानिक आख्यायिका आहे. आज दिसणारं जुनं दगडी बांधकाम मात्र यादवकाळातलं, म्हणजे साधारण तेराव्या शतकातलं, हेमाडपंती धाटणीचं मानलं जातं.

देवळापासून थोडं लांब उभं राहून पाहिलंत तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव कामाने भरलेला आहे. वरचा भाग वेगळा, चुन्याच्या गिलाव्याचा आणि साध्या घडणीचा आहे. मूळ देवळाचा वरचा भाग मोगल काळात पाडला गेला आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असं सांगितलं जातं. म्हणजे एकाच इमारतीत खाली यादवांचा काळ आणि वर होळकरांचा काळ दिसतो.

गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून आत जावं लागतं आणि जागाही कमी आहे. गुडघेदुखी किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. बाहेरच्या भिंतीला एक पूर्ण फेरी मारा. खालच्या थरात ओळीने कोरलेले हत्ती आहेत, वर देवदेवता आणि शिव-पार्वतीची शिल्पं आहेत. काही मूर्तींचे हात, चेहरे तुटलेले आहेत. शिल्पांना टेकून किंवा त्यावर पाय देऊन फोटो काढू नका. सातशे वर्षं टिकलेला दगड रोजच्या हाताळणीनेही झिजतो.

नंदी मागच्या बाजूला का?

शंकराच्या देवळात नंदी समोर असतो. औंढ्यात तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. यामागची आख्यायिका संत नामदेवांची आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. ते शिंपी समाजाचे म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं आणि मागे जायला सांगितलं. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळलं आणि नंदी मागे राहिला, असं लोक सांगतात.

ही केवळ गावातली सांगोवांगी नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात जातीवरून देवळातून उठवल्याचा, मागे जाऊन बसल्याचा आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग आला आहे. त्या पदात गावाचं नाव नाही. मराठवाड्याची परंपरा तो प्रसंग औंढ्याचा मानते.

देऊळ खरोखर फिरलं का, हा श्रद्धेचा भाग आहे. पण देवासमोर कोणी उभं राहायचं आणि कोणाला मागे पाठवायचं, हा तेव्हाच्या समाजातला खरा प्रश्न होता. ती गोष्ट इतकी शतकं का टिकली, याचं उत्तर त्यात आहे.

नामदेवांना गुरू विसोबा खेचर औंढ्यातच भेटले, अशीही परंपरा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी हरकत घेतल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड दिसू लागली.

नर्सी ते पंजाब

हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठी नर्सी नामदेव हे गाव आहे. नामदेवांचा जन्म इथे १२७० मध्ये झाला असं मानलं जातं. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर असल्याचं म्हणतात. नामदेव ज्ञानेश्वरांसोबत तीर्थयात्रेला गेले आणि पुढे उत्तरेत भक्तीचा प्रसार करत राहिले. पंजाबातल्या घुमान गावात त्यांचं दीर्घकाळ वास्तव्य होतं. त्याच घुमानमध्ये २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातली नामदेव पायरी अनेकांनी पाहिलेली असते. नर्सीला मात्र त्यातले थोडेच जण जातात.

आषाढी वारी करून आलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येतात. हिला परतवारी म्हणतात. वारकऱ्यांबरोबरच शीख भाविकही या गावाला येतात.

हिंगोली शहर: पलटण, रिसाला आणि एक ठग

हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी भागांची नावं ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं. या नावांतच शहराचा इतिहास आहे. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. निवृत्त शिपाई राहायचे तो पेन्शनपुरा.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली आणि निजामाच्या पैशावर चालणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इथे ठाण मांडून होती. या फौजेचा खर्च थकल्यामुळे १८५३ च्या तहात वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. मोहल्ल्यांची नावं मात्र राहिली. रेल्वे स्थानकाचं नावही अजून ‘हिंगोली डेक्कन’ असंच आहे.

याच छावणीची एक गोष्ट मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांवरच्या आपल्या १८३९ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. हरी सिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी इथे राहायचा. इंग्रज अधिकाऱ्यांचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्याने परवाना घेतला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. त्याला वाटेत मारून हरी सिंगने माल त्याच परवान्यावर आणला आणि छावणीत उघडपणे विकला. तो त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता, हे नंतर उघड झालं.

शहराचा सार्वजनिक दसरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. रामलीला आणि रावणदहन पाहायला आसपासच्या गावांतून गर्दी होते. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीला, चिंतामणी गणपतीला नवसाचे मोदक घेण्यासाठी रांगा लागतात.

आणखी काय पाहाल?

- शिरड शहापूर: औंढा तालुक्यातलं हे दिगंबर जैनांचं तीर्थक्षेत्र. इथे मल्लिनाथ भगवानांचं मंदिर आहे.
- सिद्धेश्वर धरण: पूर्णा नदीवरचं धरण. पाऊस चांगला झाला असेल तर पावसाळ्याच्या शेवटी पाहण्यासारखं असतं. पाण्यात उतरणं टाळा.
- इसापूर धरण: कळमनुरीच्या बाजूला, पैनगंगेवर आणि विदर्भाच्या सीमेवर.
- वसमत: हळदीसाठी प्रसिद्ध. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परत जाताना घरी न्यायला ही चांगली वस्तू.

औंढ्याजवळची प्रयोगशाळा

औंढा तालुक्यातच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यातून धावणारे लेझर किरण, अशी तिची रचना असेल. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रणांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा या लहरी टिपल्या होत्या. हे पर्यटनस्थळ नाही. जमिनीच्या बारीक हादऱ्यांनीही मोजणी बिघडते, म्हणून अशा प्रयोगाला गजबजाटापासून दूर, शांत जागा लागते.

कधी आणि कसं जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. श्रावण आणि महाशिवरात्रीला औंढ्यात मोठी गर्दी असते. महाशिवरात्रीच्या यात्रेतला रथोत्सव पाहायचा असेल तर त्या तयारीनेच या. देवळाची शिल्पं निवांत पाहायची असतील तर साधा दिवस निवडा.

पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावर वसमत आणि हिंगोली ही स्थानकं आहेत. नांदेड आणि परभणीहून एसटी मिळते. दोन दिवस हातात असतील तर पहिल्या दिवशी नांदेडहून वसमत, शिरड शहापूर आणि औंढा करून हिंगोलीत मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सी आणि मग हिंगोलीचे जुने मोहल्ले पाहा. औंढ्याची गोष्ट नर्सीला पुढे सरकते, म्हणून ही दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत पाहिलेली बरी.