बाराखडी आणि कोयता

निजामी राजवट १९४८ साली संपली. तोवर आपल्या बीड जिल्ह्यात सरकारी शाळांच्या वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी बोलणाऱ्या लेकराला पुस्तक परकंच वाटे. आपली लेकरं वर्गात कुठं बसत, तो तर निराळाच विषय! १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, वाट दिसली. पण कॉलेजाआधी बाराखडी लागते, आणि ती ऊसतोडीत विसरते. मायबापाच्या कोयत्यामागं गेलेलं लेकरू उन्हाळ्यात परतलं की जोडाक्षराला अडखळतं, आजही. म्हणून विहारात आम्ही धडा घोकून घेत नाही. गोष्ट वाचून दाखवतो अन् ऐन रंगात थांबतो. मग पोरंच पुस्तक ओढतात. एकानं ते फडावर नेलं. आम्ही परत मागितलं नाही.