हट्ट्याचा पत्ता

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. परभणीहून हिंगोलीकडे निघालं की वाटेत लागतं. पुण्या-मुंबईत हे नाव घेतलं तर "कुठे आलं हे?" हा प्रश्न ठरलेला. मग परभणी सांगा, नांदेड सांगा, शेवटी "मराठवाडा हो" म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात दुष्काळ, टँकर आणि मागासलेपण हे तीन शब्द येतात आणि विषय संपतो.

मला त्या गावाच्या पत्त्यात जास्त रस आहे. समजा हट्ट्यात १९४० साली जन्मलेला एखादा माणूस आहे आणि त्याने आयुष्यात गाव सोडलं नाही. त्याचा पत्ता सुरुवातीला होता जिल्हा परभणी, हैदराबाद संस्थान. १ नोव्हेंबर १९५६ ला तो झाला जिल्हा परभणी, मुंबई राज्य. १ मे १९६० ला जिल्हा परभणी, महाराष्ट्र. आणि १ मे १९९९ ला जिल्हा हिंगोली, महाराष्ट्र. माणूस जागचा हलला नाही, सरकारं येऊन गेली. यातल्या प्रत्येक बदलाचा निर्णय हट्ट्यापासून शेकडो किलोमीटर दूर झाला, आणि प्रत्येक वेळी काहीतरी जुनं तसंच मागे राहिलं.

आपल्या धंद्यातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करताना डेटा मायग्रेट करावा लागतो. वेळ कमी असतो, क्लायंट घाईत असतो, मग "हे नंतर बघू" असं म्हणून काही टेबलं सोडून दिली जातात. दहा वर्षांनी कोणीतरी त्यातलाच एक रेकॉर्ड मागतो आणि सगळं ऑफिस कामाला लागतं. मराठवाड्याचं राजकारण बऱ्याच अंशी या सोडून दिलेल्या टेबलांचं राजकारण आहे असं माझं मत आहे.

आधी मूळ सिस्टिम बघू. निजामाचं हैदराबाद संस्थान देशातलं सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचं. जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, साधारण पाव मराठी, त्याहून कमी कानडी, आणि उर्दू ही मातृभाषा असलेले बारा टक्क्यांच्या आसपास. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. त्याआधी फारसी होती, १८८० च्या दशकात ती बदलली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग खरं तर मोठा धाडसी होता, त्याचं कौतुकच करायला हवं. पण परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला वर जायचं तर आधी सरकारची भाषा शिकावी लागणार, मग विषय. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण हैदराबाद राज्यात शंभरातली जेमतेम नऊ माणसं साक्षर निघाली. त्याच काळात पुण्यात कॉलेजं निघून पाऊण शतक कधीच उलटून गेलं होतं.

जमिनीचं तर वेगळंच. संस्थानातली साधारण दहा टक्के जमीन सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी. तिसरा हिस्सा जहागिरदारांकडे. उरलेली दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाखालची. सरकार एक, पण आपलं गाव कुठल्या खात्यात पडतं त्यावर सारा कोणाला द्यायचा आणि तक्रार कोणाकडे न्यायची हे ठरणार. कालगणना फसली. नाणं हाली सिक्का, ब्रिटिश रुपयापेक्षा स्वस्त. जुन्या कागदावर १३५७ साल दिसलं तर ते १९४७-४८ समजायचं. (तारखेच्या फॉरमॅटवरून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!)

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनने हे संस्थान भारतात आलं. १३ ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांचं काम. आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावं घेतो, रझाकारांचे अत्याचार आठवतो. ते सगळं खरं आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही तितकंच खरं. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. मराठवाड्यातल्या गावागावांत हिंदू-मुसलमान संबंधांवर या मौनाचं सावट आहे, आणि निवडणूक आली की कोणीतरी ते बरोबर वापरतो. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

१९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन दिशांना गेले. तेलंगणा आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात, मराठवाड्याचे पाच जिल्हे (औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद) द्विभाषिक मुंबई राज्यात. एकच कोडबेस, तीन फोर्क. तिन्हींची सुरुवातीची अवस्था साधारण सारखी: शिक्षण कमी, सिंचन कमी, नोकरशाहीत आपली माणसं कमी, आणि ज्या राज्यात गेलो तिथले लोक आपल्यापेक्षा पन्नास वर्षं पुढे. म्हणजे तुलना करायला यापेक्षा चांगला प्रयोग शोधून सापडणार नाही.

तेलंगणाने १९६९ साली मोठं आंदोलन केलं. १९७३ ला घटनादुरुस्ती होऊन ३७१-घ आलं, म्हणजे नोकऱ्या आणि प्रवेशांत स्थानिकांना हक्क. तरी समाधान झालं नाही आणि २ जून २०१४ ला वेगळं राज्यच झालं. कानडी भागाला बरीच वाट बघावी लागली, पण २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१-ञ मिळालं. त्यातही नोकऱ्या आणि शिक्षणात स्थानिकांसाठी राखीव जागा आणि वेगळं विकास मंडळ.

आणि मराठवाडा? १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं होतं की निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातही प्रमाण पाळलं जाईल, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष दिलं जाईल. १९५६ मध्ये घटनेत कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमण्याची तरतूद त्यात आहे. पण ती "करता येईल" अशा भाषेत. हे मे आणि शॅल मधलं अंतर ज्याने एकदा तरी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचलंय त्याला सांगायला नको. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी!

मधल्या काळात लोक गप्प बसले होते असंही नाही. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, त्यात विद्यार्थी पुढे होते. मागण्या काय, तर नोकऱ्या, ब्रॉडगेज रेल्वे, सिंचन, उद्योग. हट्ट्याच्या तालुक्याच्या गावी, वसमतला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात विद्यार्थी गेले. वैधानिक विकास मंडळ हवं हा आग्रह गोविंदभाईंसारख्यांनी त्यानंतर वर्षानुवर्षं लावून धरला.

१९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. दांडेकरांनी काम अगदी इंजिनिअरसारखं केलं. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य असं एकेक क्षेत्र घ्यायचं, राज्याची सरासरी काढायची, कुठला जिल्हा त्याच्या किती खाली आहे ते मोजायचं आणि तो सरासरीपर्यंत आणायला किती पैसे लागतील ते लिहायचं. या आकड्याला नाव दिलं अनुशेष. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. पुढे नव्या समितीने १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजलं तेव्हा राज्याचा एकूण आकडा १४ हजार कोटींवर गेला होता. किमती वाढल्या, मोजमाप बदललं, हे मान्य. पण सरासरीच्या वर असलेले जिल्हे तुमची वाट बघत थांबत नाहीत, सरासरीही वर सरकत राहते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा आणायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी केलं. हे ऐकायला बरं वाटतं, पण मला पूर्ण पटत नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले. शंकररावांचं नाव जायकवाडीशी जोडलेलं आहे, त्यांचं काम कोणी नाकारणार नाही. आणि हट्टा ज्या तालुक्यात आहे तो तर पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या लाभक्षेत्रातला. वसमतची हळद आज नावाजलेली आहे, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळा मराठवाडा म्हणजे तडे गेलेली जमीन, हे टीव्हीवरचं चित्र.

मला वाटतं फरक माणसांपेक्षा आकड्यांचा जास्त आहे. अखंड आंध्रच्या २९४ आमदारांत तेलंगणाचे ११९, आणि राजधानी हैदराबाद त्यांच्या पोटात. तिथे कोणताही मुख्यमंत्री तेलंगणाला नाराज करून फार काळ टिकू शकत नव्हता. महाराष्ट्राच्या २८८ मध्ये मराठवाड्याचे ४६. हिंगोली जिल्ह्याचे तर तीनच: वसमत, कळमनुरी, हिंगोली. एकट्या मुंबईचे ३६. कर्नाटकातल्या त्या भागाचं प्रमाणही आपल्यासारखंच, चाळीसेक आमदार २२४ मध्ये, म्हणून त्यांनाही २०१२ पर्यंत थांबावं लागलं. पण त्यांनी एकच मागणी पकडून ठेवली, आपल्याकडे ती पाण्यात, आरक्षणात, नामांतरात, पक्षांत वाटली गेली. मुख्यमंत्री आला की त्याच्या जिल्ह्याला काहीतरी मिळतं. हिंगोलीचा मुख्यमंत्री अजून झालेला नाही.

एक आकडा बघून मी चकित झालो. १९५१ ला संपूर्ण हैदराबाद राज्याची लोकसंख्या १ कोटी ८६ लाख होती. २०११ ला एकट्या मराठवाड्याची १ कोटी ८७ लाख. म्हणजे पूर्वी जेवढ्या लोकांसाठी एक अख्खं राज्य, मंत्रिमंडळ, हायकोर्ट आणि विद्यापीठ होतं, तेवढेच लोक आता एका राज्याचा सहावा हिस्सा आहेत.

यावर सरकारी उपाय म्हणजे छोटे जिल्हे. १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा काढला. पाच तालुके, २०११ ला पावणेबारा लाख लोक. कल्पना चांगली, सरकार जवळ आणायची. गंमत अशी की हट्ट्याहून परभणी जवळ आणि हिंगोली लांब. कलेक्टर ऑफिसच्या एका कामासाठी दिवस घालवणाऱ्याला प्रशासनाचं विकेंद्रीकरण म्हणजे काय ते विचारावं. रेल्वेचं तर अजूनच. पूर्णा-हिंगोली मार्ग नांदेड विभागात, आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, जिचं मुख्यालय सिकंदराबाद. निजाम गेला, संस्थान गेलं, पण गाडी उशिरा का आली हे विचारायला अजून तिकडेच बघायचं. स्टेशनच्या पाटीवर बसमत, बोलताना वसमत.

आता त्या सोडून दिलेल्या टेबलाकडे येऊ. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि अचानक सगळ्या महाराष्ट्राला निजामकालीन कागद हवे झाले. विदर्भातल्या कुणब्यांची नोंद कुणबी म्हणून आहे, ते ओबीसीत आहेत. मराठवाड्यातल्या मराठ्यांचं म्हणणं, आम्हीही तेच, फक्त आमचं दप्तर हैदराबादेत राहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नोंदी शोधायला बसली. उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारी माणसं लागली. ज्या भाषेचं ओझं म्हणून आजोबांनी शाळा सोडली असेल, तीच भाषा वाचणारा माणूस आज नातू शोधतोय.

२ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा निर्णय काढला. ओबीसी संघटनांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं. कोण बरोबर, यावर मी इथे मत देत नाही, दोन्ही बाजूंना माझे मित्र आहेत आणि दोन्ही बाजूंच्या घरी तीन-चार एकरांची वाटणी झालेली आहे. पण डेटाच्या दृष्टीने एक अडचण उघड आहे. गॅझेटिअरमध्ये अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, असे आकडे असतात. नावं नसतात. बेरजेवरून मूळ ओळी परत काढता येत नाहीत. म्हणून निर्णयात गावपातळीवर महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी अशी तिघांची समिती ठेवली आहे. खासरा पत्रक, शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर, नातेवाइकांचे दाखले, असलं सगळं जुळवून वंशावळ लावायची. ज्याच्या पणजोबाकडे जमीन होती त्याचा कागद निघण्याची शक्यता जास्त. जो कुळ म्हणून राबला किंवा सालगडी होता, त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात शोधणार?

पुढच्या जनगणनेत जात नोंदवली जाईल असं केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, सातबारा कुठला आहे यावर नाही. हट्ट्याचा जो पोरगा हिंजवडीत किंवा चाकणला नोकरी करतो आणि वाकडला रूम शेअर करतो, तो पुणे जिल्ह्यात धरला जाईल. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचं नागपूर करारात ठरलेलं, आमदार-खासदारही लोकसंख्येवर. त्याच्या घरी हट्ट्यात जी दोन माणसं राहतील तेवढीच वसमत तालुक्याच्या खात्यात.