गीतरामायण : मूळ कोणते?

चैत्राचे नवरात्र आले की पंचवटीत काळारामाच्या परिसरात ध्वनिक्षेपकावर गीतरामायण लागते. आवाज बहुधा एकच असतो, सुधीर फडक्यांचा. आपल्या सगळ्यांच्या कानांना तोच आवाज सवयीचा आहे. त्यामुळे गीतरामायण म्हणजे तोच आवाज, असे आपण धरून चाललो आहोत.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका खेड्यातल्या शाळेत गायनस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलीने सीतेचे गाणे म्हटले. आवाज गोड, शब्द स्वच्छ. पण शेजारच्या परीक्षकांनी गुण कापले. का, म्हणून विचारले, तर म्हणाले, "मुळाबरहुकूम नाही. बाबूजींनी असं म्हटलेलं नाही." मुलगी हळूच म्हणाली, "सर, मी आजीकडून शिकले. आजीनं पुण्याला माहेरी असताना रेडिओवर बाईच्या आवाजात ऐकलं होतं." तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. खरे सांगायचे तर मीही दिले नाही. घरी आल्यावर मात्र ते बोलणे मनातून जाईना, आणि मग जुन्या हकीकती उघडून बसलो.

आजीचे म्हणणे खरे होते. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणातले पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालायचे होते. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून बावन्नाची गीते ५६ झाली. १९५६ च्या रामनवमीला मालिका पुरी झाली. आणि हे सारे एका गळ्याने गायिलेले नव्हते! रामाची गाणी फडक्यांची. सीतेला माणिक वर्मांचा आवाज होता, कौसल्येला ललिता फडक्यांचा. वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे असे कितीतरी गळे त्या वर्षात लागले. ज्याचे पात्र, त्याचा आवाज, अशी ती योजना होती.

पुढे फडक्यांनी गावोगाव एकट्याने गीतरामायणाचे कार्यक्रम केले. एच. एम. व्ही. कंपनीने त्यांच्या एकट्याच्या आवाजात सगळ्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. रेडिओवरचे गाणे वाऱ्यावर गेले, मुद्रिका मात्र घरात राहिली. ज्याला जे पुन्हा पुन्हा ऐकता येते, तेच त्याला मूळ वाटू लागते.

आता कोणी म्हणेल, चाली ज्यांनी बांधल्या त्यांनीच गायिले, यापेक्षा मोठा अधिकार कोणाचा? मुद्दा वजनाचा आहे. शिवाय पहिल्याच गीतात कुश आणि लव रामापुढे सारी कथा गातात, म्हणजे सगळी पात्रे गाणाऱ्याच्याच तोंडून बोलतात. कीर्तनकार नाही का एकटाच कैकेयी होतो आणि एकटाच दशरथ होतो? त्या दृष्टीने एका आवाजातले गीतरामायण कवीच्या मांडणीला अधिक जवळचे आहे, असेही म्हणता येईल. मला स्वतःला तेच अधिक भिडते. पण भिडणे वेगळे आणि मूळ असणे वेगळे. ग्रंथकाराने दुसरी आवृत्ती सुधारून काढली, ती सरस ठरली, म्हणून तिच्यावर पहिल्या आवृत्तीचे साल घालता येत नाही.

बरे, मूळ शोधत मागे किती जायचे? पहिल्या गीताची एक गोष्ट सांगतात. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला, प्रसारणाची वेळ तर उंबरठ्याशी आली. कवी रागावले. मग लाडांनी त्यांना खोलीत बसवून गीत पुन्हा लिहून घेतले. गोष्ट खरी धरली तर आपण ऐकतो ते शब्दही दुसऱ्या लेखणीचे! नाट्यसंगीतात तर हा घोळ याहून मोठा. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद वन्समोअर घेत रंगायचे, आणि जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावायची. त्या तबकडीला मूळ पद म्हणायचे की त्याचा उतारा?

माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. गीतरामायणाचे मूळ ध्वनिमुद्रण कोणते, असे विचारले तर उत्तर १९५५-५६ चे आकाशवाणीवरचे, अनेक आवाजांचे. फडक्यांचा एकआवाजी संच हा त्यांनीच केलेला दुसरा पाठ. तो अस्सल आहे, पण पहिला नाही. हा भेद ठेवला नाही, तर माणिकबाईंनी गायिलेली सीता पुढच्या पिढीला नक्कल वाटेल. त्या दिवशी शाळेत तेच झाले.

शिक्षकमंडळींना एवढेच सुचवतो, की शाळेत गाणे लावाल तेव्हा फळ्यावर कवी आणि संगीतकार यांच्याबरोबर गाणाऱ्याचे नाव आणि ध्वनिमुद्रणाचे सालही लिहा. गावात ज्यांनी लहानपणी ती मालिका रेडिओवर ऐकली, अशी माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणते गाणे कोणाच्या आवाजात ऐकले, ते मुलांकडून उतरवून घ्या.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले, की आपले म्हणणे पटले, पण बक्षिसे वाटून झाली आहेत.